खेळाडूचा रकाना

आमच्या तालुक्याच्या स्टँडसमोर दर जूनला एक फ्लेक्स लागतो. वर अकॅडमीचं नाव, मध्ये सरांचा हात जोडलेला फोटो आणि उजव्या कोपऱ्यात मी. फिनिश लाइनवरची. डोळे अर्धवट मिटलेले, तोंड वासलेलं, उजव्या पायाला गुडघ्याखाली क्रेप बँडेज. खाली ओळ: ‘आमची राष्ट्रीय खेळाडू, आज डॉक्टर’. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण पहिलीमुळे दुसरी झाली, असं जे तो फ्लेक्स वाचणाऱ्याला वाटतं, ते धादांत खोटं आहे. पहिलीसाठी जे करून घेतलं गेलं, त्यापायी दुसरी एक वर्ष लांबली आणि जवळजवळ हातची गेली होती.

मी हे आधीच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण डॉक्टर झाले, आता उगाच जुनं कशाला उकरायचं, असं घरचे म्हणायचे. सध्या मी बंधपत्राच्या सेवेत एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. गेल्या महिन्यात तिथे नववीतली एक मुलगी आईबरोबर आली. नळी दुखते म्हणून. पळते का विचारलं, तर आईच म्हणाली, “व्हय की, जिल्ह्याला पहिली आलीया. सर म्हणत्यात, असंच पळत राहिली तर खेळाडूच्या कोट्यातनं डॉक्टर हुईल.” माझ्या हातातलं पेन थांबलं. इतकी वर्षं झाली, तेच वाक्य. शब्दही तेच.

आता माझं सांगते.

मी पळायला लागले ती टेंभूच्या कालव्याकडेच्या रस्त्यावर. मुरमाड, मऊ, पहाटे एकही गाडी नाही. सातवीत शाळेत पहिली, आठवीत तालुक्यात, दहावीत विभागात. १५०० आणि ३००० मीटर ही माझी अंतरं. दहावीला ९४ टक्के पडले, तेव्हा अकरावी सायन्स घ्यायची हे कोणी बसून ठरवलं नाही, ते ठरलेलंच होतं. डॉक्टर व्हायचं हे मात्र माझं मी ठरवलं होतं. आजी छातीत दुखतंय म्हणत असताना तिला सांगलीला न्यायला गाडी मिळेपर्यंत चार तास गेले होते, तेव्हापासून.

अकरावीत गेल्यावर १५ ऑगस्ट २०१६ च्या संध्याकाळी आम्ही सगळे सरांच्या घरी टीव्हीपुढे बसलो होतो. रिओला ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत, आणि त्यात शेजारच्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर. १९८४ साली पी. टी. उषा धावल्या, त्यानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकच्या अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय महिला. त्या दहाव्या आल्या. शर्यत संपल्यावर सर उठले आणि आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना म्हणाले, “आप्पा, तुम्ही निवांत राहा. पोरीनं नॅशनलला पदक आणलं की मेडिकलची सीट स्पोर्ट्स कोट्यातनं बसल्या जागी. आपल्या दोन पोरी गेल्यात तशा.” मग माझ्याकडे बघून, “तू पदक आण, डॉक्टरकी तुझ्यामागं चालत येईल.”

आम्ही विश्वास ठेवला. लोक आज विचारतात, एवढी हुशार मुलगी आणि तुम्ही खात्री केली नाहीत? त्यांना सांगते, ही गोष्ट साफ खोटी असती तर आम्ही फसलो नसतो. ती अर्धी खरी होती. बोर्डाच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, हे खरं. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हेही खरं. ललिता बाबर पुढे उपजिल्हाधिकारी झाल्या, हेही सगळ्यांना माहीत आहे. काही राज्यांत एमबीबीएसच्या थोड्या जागा खेळाडूंसाठी असतात, तेही खरं. एवढ्या खऱ्यांच्या रांगेत एक खोटं उभं केलं की ते कोण ओळखणार? त्यात आप्पा सातवी शिकलेले, आणि सर म्हणजे गावात ज्यांच्या शब्दावर मुलींना घराबाहेर सोडतात असा माणूस.

त्या ‘दोन पोरी’ कोण, ते मी खूप नंतर शोधून काढलं. एक बी.पी.एड. करत होती, दुसरी पोलीस भरतीत लागली होती. दोघींनी कष्टानं मिळवलं, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण मेडिकलला त्यातली एकही नव्हती.

अकरावी-बारावीची दोन वर्षं कशी असतात हे ज्यांच्या घरात नीटचं मूल आहे त्यांना सांगायला नको. माझं वेळापत्रक असं: साडेचारला उठणं, पाच ते सात पळणं, आठ ते दोन कॉलेज आणि क्लास, साडेपाच ते सात पुन्हा मैदान, आठपासून साडेअकरापर्यंत अभ्यास. आठवड्याला सत्तरच्या वर किलोमीटर. मंगळवारी ४०० मीटरच्या बारा फेऱ्या, प्रत्येक ८० सेकंदांत, मध्ये एक मिनिट थांबायचं. त्या रात्री फिजिक्सचं पुस्तक उघडलं की अक्षरं हलायची. बायॉलॉजी मी बसमध्ये वाचून काढायचे. फिजिक्स मात्र बसमध्ये होत नाही, त्याला टेबल लागतं आणि ताजं डोकं लागतं. क्लासचे सर म्हणायचे पळणं सोड, अकॅडमीचे सर म्हणायचे क्लास सोड, सीट तर कोट्यातनंच आहे. दोघांतला एकही म्हणाला नाही की बस, कागद घे, आठवड्याचे तास मांडू.

बारावीच्या जूनमध्ये क्लाससाठी मी शहरात खोली घेऊन राहायला लागले. तिथे कालवा नव्हता. पहाटे अंधारात मुलीनं एकटीनं पळायचं तर दिवे असलेला डांबरी रस्ताच सुरक्षित. पायांखालची जमीन बदलली, किलोमीटर तेवढेच राहिले. मेसचं जेवण म्हणजे दोन पोळ्या, पातळ भाजी आणि भात. ऑगस्टपासून माझी पाळी थांबली. मी मैत्रिणीला सांगितलं, तिनं सरांच्या बायकोला सांगितलं, त्यांच्याकडून ते सरांपर्यंत गेलं. सरांचं उत्तर मला शब्दशः आठवतं: “चांगलंच आहे की. मोठ्या खेळाडूंचं असंच असतंय. वजन उतरल्याची खूण हाय.” मी चार महिने त्या वाक्याचा अभिमान बाळगला. माझी पाळी गेली म्हणजे मी मोठी खेळाडू झाले, असं मला वाटायचं. हे लिहिताना आजही माझा हात जड होतो.

ऑक्टोबरला बालेवाडीत राज्य स्पर्धा झाली. ३००० मीटरला १० मिनिटं २४ सेकंद, दुसरी आले, राष्ट्रीय स्पर्धेला निवड झाली. परतीच्या गाडीत उजवी नळी दुखायला लागली. आधी पळताना दुखायची, मग पळून झाल्यावर, मग जिना उतरताना, आणि नोव्हेंबरच्या शेवटी रात्री झोपेतसुद्धा. सर म्हणाले शिन पेन आहे, सगळ्यांना होतं, बर्फ लाव. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. झालं, पुरावाच मिळाला. “एक्स-रे नॉर्मल आहे, आता नाटकं नकोत.”

डिसेंबरच्या थंडीत राष्ट्रीय शालेय स्पर्धा होती. निघायच्या आदल्या दिवशी सर मला एका दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या माणसानं कमरेत इंजेक्शन दिलं. चिठ्ठी नाही, बाटली दाखवली नाही. मी विचारलं कसलं आहे, तर “दुखायचं थांबायचं” एवढंच. ते काय होतं हे मला आजही माहीत नाही. फार्माकॉलॉजीच्या वर्गात स्टेरॉइड शिकवत होते तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कमरेत दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन स्पर्धेच्या काळात निषिद्ध औषधांत मोडतं. ते तसं असतं आणि त्या दिवशी माझी चाचणी झाली असती, तर दोषी मी ठरले असते. सर नाही, तो दवाखाना नाही. उत्तेजकांच्या नियमांत ‘मला माहीत नव्हतं’ एवढ्यानं सुटका होत नाही, शरीरात काय गेलं त्याची जबाबदारी खेळाडूची.

मी सातवी आले. फ्लेक्सवरचा फोटो त्या शर्यतीचा. शेवटच्या फेरीत पाय जमिनीला टेकला की डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं. तरी पळाले, कारण माझ्या हिशेबात त्या चारशे मीटरच्या पलीकडे एमबीबीएसची जागा होती. खेळाचं वेड असतं तर थांबले असते, वेड्या माणसालाही दुखतं. पण मला वाटत होतं आप्पांचे खासगी कॉलेजचे पैसे वाचवतेय.

जानेवारीत मिरजेला एका हाडांच्या डॉक्टरांनी मला तपासलं. त्यांनी एकच गोष्ट केली. म्हणाले, “कुठं दुखतं ते एका बोटानं दाखव.” मी दाखवलं. नळीच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेवर. त्यांनी तिथे अंगठा दाबला आणि मी किंचाळले. एमआरआय केला. स्ट्रेस फ्रॅक्चर. मग त्यांनी पाळीचं विचारलं, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.९. बाईचं १२ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. ते आप्पांना म्हणाले, “पोरगी उपाशी पळतीय. हाड रोज झिजतंय आणि भरून काढायला शरीराकडं काही शिल्लक नाही.” सहा आठवडे पळणं बंद. बारावीची प्रॅक्टिकल मी कुबड्या घेऊन दिली.

सर भेटायला आले नाहीत. पुढच्या बॅचची निवड चालू होती.

नीट ६ मे २०१८ ला झाली. तारीख एवढ्यासाठी लक्षात आहे की अकॅडमीच्या भिंतीवर रॉजर बॅनिस्टरचा फोटो होता. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डला चार मिनिटांच्या आत मैल पळणारा पहिला माणूस, आणि मेडिकलचा विद्यार्थी. सर त्याचं उदाहरण सारखं द्यायचे. तो माझ्या परीक्षेच्या दोनच महिने आधी, मार्चमध्ये वारला. त्याच्याबद्दल मी पुढे वाचलं तेव्हा कळलं की भिंतीवरचा फोटो अर्धीच गोष्ट सांगत होता. हा माणूस लंडनच्या हॉस्पिटलात शिकत असताना दुपारच्या सुट्टीत जेमतेम तासभर सराव करायचा. आणि त्याच वर्षी, पंचविशीत, त्यानं स्पर्धा सोडून दिली आणि पुढे आयुष्यभर मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून काम केलं. म्हणजे ज्याचं नाव सांगून आम्हाला दिवसाला साडेतीन तास पळवलं, त्यानं स्वतः सराव कमी ठेवला होता आणि वेळ आल्यावर दोनातलं एक निवडलं होतं.

४ जूनला निकाल लागला. ७२० पैकी ४१८. सरकारी कॉलेजच्या आसपाससुद्धा नाही. पण घरात कोणी रडलं नाही. कारण फाइल होती.

ती फाइल निळ्या प्लास्टिकची, बटणाची. आप्पांनी त्यात सातवीपासूनची सगळी प्रमाणपत्रं वर्षवार लावली होती. जिल्ह्याची, विभागाची, राज्याची, वर राष्ट्रीय स्पर्धेचं. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, साक्षांकित केलेल्या. आम्ही तालुक्याच्या ई-सेवा केंद्रावर गेलो. अर्ज भरणारा मुलगा माझ्याच वयाचा असेल. नाव, जन्मतारीख, नीटचा क्रमांक, सगळं भरून झालं. मग आप्पांनी फाइल पुढे केली आणि म्हणाले, “आता खेळाडूचं भरा.”

तो म्हणाला, “काका, खेळाडूचा रकाना नाही इथं.”

आप्पा म्हणाले, खाली असेल, बघा. त्यानं खाली सरकवलं. सैनिकांच्या मुलांचा होता, दिव्यांगांचा होता, डोंगरी भागाचा होता, महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाचा होता. आप्पांनी स्वतः स्क्रीनजवळ तोंड नेऊन प्रत्येक ओळीवर बोट ठेवलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. मग त्या मुलानं प्रवेशाची माहिती पुस्तिका उघडली आणि शोधायच्या चौकटीत ‘स्पोर्ट्स’ टाइप केलं. प्रवेशाच्या आरक्षणात तो शब्द कुठेच निघाला नाही. “मेडिकलला आपल्याकडं खेळाडूंचं आरक्षण नसतंय काका,” तो हळू आवाजात म्हणाला, “दरवर्षी दोघंतिघं येत्यात असं विचारत.”

दरवर्षी दोघंतिघं. मला तिथेच समजलं की मी पहिली नव्हते.

आप्पांनी फाइलचं बटण लावलं. एकदा लागलं नाही, पुन्हा लावलं. अर्जाचे पैसे दिले. बाहेर आल्यावर म्हणाले, “चहा घेऊ.” दोघांनी चहा घेतला आणि एक शब्द बोललो नाही. ती पुस्तिका सगळ्यांसाठी खुली होती, फुकट होती, आदल्या वर्षीचीही होती. दोन वर्षांत ती कोणीही उघडली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. सरांनी नाही, क्लासनं नाही, आणि मीही नाही. मी स्वतःला यातून वगळत नाही. पण सतरा वर्षांच्या मुलीची चूक आणि तीस वर्षं मुलं घडवतो म्हणणाऱ्या माणसाची चूक एका तराजूत घालता येणार नाही.

त्या रात्री मी सरांना फोन लावला. तिसऱ्या वेळी उचलला. ते म्हणाले, “मी तसं कधी बोललोच नाही. मी म्हणालो फायदा होतो. ग्रेस मार्क मिळाले ना तुला?” मिळाले होते, बोर्डाच्या परीक्षेत. पण मेडिकलच्या यादीत बारावीचे गुण धरतच नाहीत, क्रम फक्त नीटवर लागतो. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी मिळून ठरावीक टक्के पडले की पात्रता झाली, पुढे त्या गुणांचा काही उपयोग नाही. मी हे सांगितलं तर म्हणाले, “आता तू मला नियम शिकवणार?” आणि शेवटी, “पदक आणलं असतंस तर बघितलं असतं.” म्हणजे जी गोष्ट अस्तित्वातच नव्हती, ती न मिळाल्याचा दोषसुद्धा माझ्या सातव्या क्रमांकावर.

पुढचं वर्ष मी घरी बसून अभ्यास केला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. रोज दहा तास, त्यातले पाच फिजिक्सचे, आणि संध्याकाळी कालव्यावर चालणं. नोव्हेंबरपासून हळूहळू पळणं, आठवड्याला वीस किलोमीटर, घड्याळ न लावता. आई सकाळ-संध्याकाळ बाजरीची भाकरी, अंडी, शेंगदाण्याची चटणी, गूळ असं समोर बसून खाऊ घालायची. जानेवारीत पाळी परत आली. ५ मे २०१९ च्या नीटला ५७१ गुण पडले आणि सरकारी कॉलेजात नाव लागलं. निकालाच्या तिसऱ्या दिवशी स्टँडसमोर फ्लेक्स लागला. मला कोणी विचारलं नव्हतं.

आता ज्यांना हे दोन्ही करायचं आहे त्यांच्यासाठी. मी पळणं सोडा असं म्हणणार नाही. मी सोडलेलं नाही.

पहिली गोष्ट, कोटा असतो असं कोणीही सांगितलं, मग तो प्रशिक्षक असो, क्लासवाला असो की मामा असो, त्याला एकच विचारा: कुठल्या पानावर? राज्याच्या वैद्यकीय प्रवेशाची माहिती पुस्तिका दरवर्षी निघते. नियम बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीचीच बघा आणि ती अकरावीला जायच्या आधी बघा. पान दाखवता येत नसेल तर ती गोष्ट नाही, असं समजून पुढचा हिशेब करा. इंग्रजी येत नसेल तर शाळेतल्या एखाद्या शिक्षकाला घेऊन बसा. लाज वाटून घेऊ नका. आप्पांनी लाज वाटून घेतली नसती तर माझं वर्ष वाचलं असतं.

दुसरी गोष्ट नळीची. नळीच्या आतल्या कडेनं लांबवर, बोटभर पट्ट्यात दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल तर ते बहुधा विश्रांतीनं जातं. पण दुखणं एका बोटानं दाखवता येत असेल, त्या पायावर लंगडी घातली की कळ येत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, तर त्या दिवशी पळणं बंद. एक्स-रेवर विसंबू नका. असं फ्रॅक्चर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. जो प्रशिक्षक एक्स-रे दाखवून तुम्हाला पळवतो त्याला हे माहीत नसेल, तर हा मजकूर दाखवा.

तिसरी गोष्ट मुलींची आणि त्यांच्या आयांची. पाळी तीन महिने आली नाही तर ती मोठी खेळाडू झाल्याची खूण नाही, शरीर उपाशी असल्याची खूण आहे. खर्चाएवढं पोटात गेलं नाही की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडं ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ साली या अवस्थेला नाव दिलं आहे, खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता. मला ते कळलं डॉक्टरकी शिकताना. माझ्या सरांना कळायला पाहिजे होतं माझ्या वेळी. ही गोष्ट प्रशिक्षकांच्या बायकोमार्फत सांगायची नाही. सरळ डॉक्टरकडे जायचं, आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासून घ्यायचं, कारण शरीरातला लोहाचा साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं.

इंजेक्शन, गोळी, पावडर, काहीही देत असतील तर नाव विचारा, चिठ्ठी घ्या, वेष्टनाचा फोटो काढून ठेवा. नाव सांगत नसतील तर उठून या.

वेळेचं म्हणाल, तर शालेय स्पर्धांचं चक्र साधारण ऑगस्टला तालुक्यापासून सुरू होतं आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत राष्ट्रीयला संपतं. फेब्रुवारीत प्रॅक्टिकल, मग बोर्ड, मेमध्ये नीट. म्हणजे बारावीच्या मुलाला ज्या महिन्यांत उजळणी करायची, नेमके तेच महिने स्पर्धेचे. अकरावीला मनसोक्त पळा. बारावीला एकच काहीतरी निवडा, आणि नीट निवडली तर आठवड्याला चार दिवस, चाळीस मिनिटं, एवढंच पळा. ते पळणं अभ्यासाला मदत करतं. बाकी झोप पुरेशी घ्या, मोबाइल लांब ठेवा, पाणी प्या, हे सगळे सांगतात, तेही बरोबरच आहे.

आणि एकोणिसाव्या वर्षाच्या आत पदक नाही मिळालं तर संपलं, ही भीती घालतात, तिला भुलू नका. ललिता बाबर रिओला पळाल्या तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या. लांब अंतर पळणाऱ्याचे चांगले दिवस विशीनंतर येतात. एकोणीस वर्षांखालचं पदक ही मुलीची घाई नसते, अकॅडमीची असते, कारण तिला पुढच्या जूनला फ्लेक्स लावायचा असतो. तिकडे नीटलाही २०२२ पासून वयाची वरची अट राहिलेली नाही. दोन्ही दारं उघडी आहेत. तुमच्या हाडाचं मात्र तसं नाही.

एमबीबीएसला लागल्यावर पळता येतं का? येतं, पण तिथेही कोणी लाड करत नाही. थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते, त्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. तिसऱ्या वर्षी माझी विद्यापीठाच्या संघात निवड झाली. स्पर्धेहून आल्यावर पत्र घेऊन एका विभागप्रमुखांकडे गेले, तर वर्गासमोर म्हणाले, “पळायचं होतं तर इथली सीट कशाला अडवलीस?” ती सीट मी ५७१ गुणांवर घेतली होती, कोणाच्या मेहेरबानीवर नाही. त्यांना हे बोलले नाही, इथे बोलते. त्यानंतर शिकले ते एवढंच की परवानगी जायच्या आधी घ्यायची, लेखी घ्यायची, आवक क्रमांक टाकून घ्यायचा, आणि बुडालेली प्रात्यक्षिकं कधी भरून काढणार त्या तारखा आपणच अर्जात लिहायच्या. पुढच्या वर्षी तसं केलं, एक दिवसही हजेरी कापली गेली नाही. आणि रात्रपाळी करून आल्यावर वेगाचा सराव करायचा नाही. त्या दिवशी झोपायचं.

मागच्या आठवड्यात ती नववीतली मुलगी पुन्हा आली. तिला मी एका पायावर लंगडी घालायला लावली, काही दुखलं नाही. नुसता स्नायूंचा ताण होता. तीन आठवडे विश्रांती, लोहाच्या गोळ्या. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी तिच्या आईला प्रवेशाच्या पुस्तिकेबद्दल मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, आणि माझी पुस्तिका आणून त्या ओळींवर त्यांचं बोट ठेवून दाखवलं. त्या म्हणाल्या, “मग सर असं का म्हणत्यात?” त्यांच्याशी बोलताना कळलं, तिचे सर आणि माझे सर एकच आहेत.

सर, हे तुमच्यापर्यंत पोचेल, आपला तालुका एवढाच आहे. तुम्ही मला पळायला शिकवलंत, ते मी विसरलेले नाही. बाकी मला तुमच्याकडून काही नको, माफीसुद्धा नको. फक्त स्टँडसमोरचा तो फ्लेक्स उतरवा.